शून्य-पंधरा

आयर्लंडमधल्या कॅसलबार गावात कुणालाही विचारा, मेयो काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा) गेलिक फुटबॉल टीममध्ये कमी काय आहे? उत्तर तयार असतं. फॉरवर्ड नाही. केरीकडे पिढ्यान्‌पिढ्या असतो तसा हमखास गोल करणारा एक गडी आपल्याकडे असता, तर ऑल आयर्लंड चॅम्पियनशिपचा सॅम मॅग्वायर कप केव्हाच घरी आला असता. हे मी बेकरीच्या रांगेत ऐकलंय, गॅरेजमध्ये टायर बदलताना ऐकलंय, डेंटिस्टच्या खुर्चीत आ वासून ऐकलंय. कारखान्याच्या कँटीनमध्ये तर सोमवारच्या चहाबरोबर ते येतंच. गंमत अशी, की चॅम्पियनशिपमधला सर्वाधिक गुणांचा केरीच्या कॉल्म कूपरचा विक्रम मोडला तो मेयोच्याच किलियन ओ'कॉनरने. २०२० च्या सेमीफायनलमध्ये टिपरेरीविरुद्ध या एकट्या माणसाने ४ गोल आणि ९ पॉइंट केले. तरीही फॉरवर्ड नाही! मी हे कँटीनमध्ये बोलून दाखवलं, तर बॅलिनाहून येणारा माझा सहकारी बिस्किट चहात बुडवत म्हणाला, "टिपरेरीविरुद्ध केले ना? डब्लिनविरुद्ध किती?"

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेलिक फुटबॉलमध्ये दोन्हीकडून पंधरा-पंधरा जण असतात. बॉल हातात घेता येतो, पण चार पावलांपेक्षा जास्त तसाच नेता येत नाही. मध्येच तो जमिनीवर आपटायचा, नाहीतर पायावर उडवून परत झेलायचा. गोलपोस्ट एच अक्षरासारखा. खालच्या जाळीत बॉल गेला तर गोल, त्याचे ३ गुण. आडव्या दांडीवरून गेला तर पॉइंट, त्याचा १. म्हणून स्कोअर २-१४ असा लिहितात: २ गोल, १४ पॉइंट, एकूण २०. आयर्लंडच्या ३२ काउंट्या आहेत आणि खेळाडू सगळे हौशी. पगार नाही, लिलाव नाही. ज्या गावच्या क्लबात वाढलास, त्या गावच्या काउंटीकडून खेळ. मंगळवारी संध्याकाळी सराव, बुधवारी सकाळी शाळेत नाहीतर बँकेत हजेरी.

अटलांटिकला खेटून असलेल्या या मेयो काउंटीची वस्ती २०२२ च्या जनगणनेत १ लाख ३८ हजारांच्या आसपास होती. डब्लिनची साडेचौदा लाख. मेयोने ऑल आयर्लंड जिंकली ती १९३६, १९५० आणि १९५१ मध्ये. त्यानंतर फायनल हरले ती वर्षं इथली शाळकरी पोरंसुद्धा पाढे म्हटल्यासारखी म्हणून दाखवतात: १९८९, १९९६, १९९७, २००४, २००६, २०१२, २०१३, २०१६, २०१७, २०२०, २०२१. अकरा. यातल्या तीन, म्हणजे २०१३, २०१६ आणि २०१७, डब्लिनविरुद्ध फक्त एका गुणाने.

माझं काम क्वालिटीतलं. सदोष माल निघाला, की दोष कुठल्या टप्प्यावर शिरला हे शोधायचं आणि लिहून ठेवायचं. आमच्या धंद्यात एक नियम फार कडक आहे: 'ऑपरेटर चुकला' हे कारण म्हणून चालत नाही. चुकला असेल, पण त्याला चुकता आलं कसं, ते सांगा. या सवयीपायी मी एका पावसाळी शनिवारी (इथे बाकीचे शनिवारही पावसाळीच असतात) मेयोच्या फायनलचे स्कोअर एका कागदावर एकाखाली एक लिहून काढले.

२०२०: डब्लिन २-१४, मेयो ०-१५.
२०२१: टिरोन २-१४, मेयो ०-१५.

समोरचा संघ वेगळा, ऋतू वेगळा. एक सामना डिसेंबरमध्ये रिकाम्या क्रोक पार्क स्टेडियमवर, दुसरा सप्टेंबरमध्ये प्रेक्षकांसमोर. पण स्कोअर तोच, आकडा न आकडा. मग २०१६ चा पहिला सामना पाहिला, जो बरोबरीत सुटून पुन्हा खेळवावा लागला होता. डब्लिन २-९, मेयो ०-१५. परत शून्य-पंधरा! त्या दिवशीचे डब्लिनचे दोन्ही गोल तर मेयोनेच स्वतःच्या जाळ्यात घातले होते. डब्लिनचा पहिला गुण डब्लिनच्या माणसाच्या पायातून यायला जवळपास अर्धा तास लागला, तोवर मेयो बरंच पुढे असायला हवं होतं असं मेयोतली माणसं आजही तावातावाने सांगतात.

या तिन्ही सामन्यांतले गोल बाजूला ठेवा आणि नुसते पॉइंट मोजा. पंधरा विरुद्ध चौदा. पंधरा विरुद्ध चौदा. पंधरा विरुद्ध नऊ. तिन्ही वेळा मेयो पुढे. म्हणजे दिवसभर उत्तम शेती केली आणि दोनदा कुंपणाचं फाटक उघडं राहिलं. २०२० मध्ये तर सामना सुरू होऊन पंधरा सेकंदही झाले नव्हते, तोच डीन रॉकचा गोल. २०१७ मध्ये दुसऱ्याच मिनिटाला कॉन ओ'कॅलहन. २०१२ मध्ये डोनेगलचे दोन गोल पहिल्या अकरा मिनिटांत. लोक अजून बसायची जागा शोधताहेत आणि मेयो मागे पडलेलं असतं. आता यात फॉरवर्डचा काय संबंध? पुढचा माणूस कितीही थोर असला, तरी पहिल्या पंधरा सेकंदांत मागचा गोल तो कसा अडवणार?

बरं, मेयो फायनलमध्ये गोल करतच नाही असंही नाही. २०१६ च्या फेरसामन्यात केला, २०१७ मध्येही केला. दोन्ही ली कीगनने. तो बचावपटू.

हा कागद मी कँटीनमध्ये नेला. कुणी नाकारला नाही. वाचला, माना डोलावल्या, "खरंय," म्हणाले. आणि दहा मिनिटांनी बोलणं परत फॉरवर्डवर. तेव्हा माझ्या लक्षात यायला लागलं, की ही चर्चा मला वाटते त्या कारणासाठी चाललेलीच नाही.

एका संध्याकाळी शेजारणीच्या मुलाचा क्लबचा सामना बघायला गेले होते. बारीक पाऊस, कडेला छत्र्या नाहीत, कारण वाऱ्यात त्या टिकत नाहीत. नुसत्या टोप्या. माझ्या पुढे दोन म्हातारे कुंपणाच्या पाइपावर कोपरं टेकवून काउंटी टीमचा एकेक गडी सोलत होते. त्या क्लबचा एक पोरगा तेव्हा काउंटीकडून मागे कोपऱ्यात खेळायचा. पहिला म्हातारा म्हणाला, "भला पोरगा आहे, पण स्लो. फार स्लो..." एवढ्यात दुसऱ्याने त्याच्या कोटाची बाही ओढली. दोन हातांवर लोकरीच्या टोपीत एक बाई उभी होती. तिने मानही वळवली नव्हती. पहिल्याने श्वास घेतला आणि वाक्य पुढे चालू ठेवलं, "...स्लो म्हणजे, घाई करत नाही. आजकाल सगळे घाई करतात." बाई समोर बघतच म्हणाली, "त्याच्या वडिलांचंही तसंच होतं." मग तिघांनी मिळून रेफरीला शिव्या घातल्या. रेफरी दुसऱ्या गावचा होता.

ही इथली रीत आहे. टीमवर काय वाटेल ते बोला, एकेका पोरावर जपून. कारण ते पोर म्हणजे कुणाचा तरी भाचा, कुणाचा तरी विद्यार्थी. परवा तो तुमच्या दारात बॉयलर दुरुस्त करायला येईल, किंवा तुमच्या आईच्या अंत्ययात्रेत खांदा देईल. मग झालेल्या पराभवाचं बिल फाडायचं कुणाच्या नावावर? मॅनेजरच्या नावावर फाडतात, ते आलंच. काउंटी बोर्डाच्या नावावर तर आवडीने. डब्लिनला मिळणाऱ्या पैशाच्या नावावर, आणि त्यात तथ्यही आहे. पण सगळ्यात सोयीचा आरोपी म्हणजे जो संघात नाहीच तो फॉरवर्ड. त्याची आई कुंपणाजवळ उभी नसते.

पूर्वी शापावरही फाडायचे. १९५१ चा संघ कप घेऊन परतताना फॉक्सफर्ड गावात एका अंत्ययात्रेपुढून जल्लोष करत गेला, थांबला नाही, म्हणून पाद्र्याने शाप दिला: यातला शेवटचा खेळाडू जिवंत आहे तोवर मेयो परत जिंकणार नाही. परदेशी पत्रकारांना ही गोष्ट फार आवडते. मला तिचा मनापासून कंटाळा आहे. त्या संघातले शेवटचे खेळाडू पॅडी प्रेंडरगास्ट २०२१ च्या सप्टेंबरात गेले, टिरोनकडून फायनल हरल्यावर पंधराच दिवसांनी. त्यालाही आता वर्षं झाली. शापाची मुदत संपली, कप आला नाही आणि सबबही गेली. माझ्या माहितीतला एकही मेयोवाला शाप गंभीरपणे घेत नाही, पण सबब गेल्याचं दुःख मात्र दोघातिघांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

गोलकीपरची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण पोराला कसं जपायचं आणि कुठवर, याची परीक्षा तिथे लागली. २०१६ चा फेरसामना, १ ऑक्टोबर. पहिल्या सामन्यात डेव्हिड क्लार्क गोलमध्ये होता आणि चांगला खेळला होता. मॅनेजर स्टीफन रॉचफर्डने त्याला बसवून रॉब हेनेलीला उतरवलं. कारण किक-आउट. गेलिकमध्ये गोलकीपरने मारलेल्या किक-आउटवर निम्मा सामना ठरतो. बॉल आपल्याच माणसाकडे गेला तर हल्ला सुरू, समोरच्याकडे गेला तर बचाव उघडा पडतो. डब्लिन त्या किकवर झडप घालण्यात तरबेज होतं आणि हेनेलीची किक लांब जायची. विचार कागदावर चुकीचा नव्हता. दुसऱ्या हाफमध्ये एक उंच बॉल हेनेलीच्या हातातून निसटला, तो सावरताना त्याने समोरच्याला पाडलं, काळं कार्ड दाखवून बाहेर, पेनल्टी, गोल. क्लार्कला बाकावरून उठवून आत पाठवावं लागलं. मेयो एका गुणाने हरलं. शेवटी बरोबरीची फ्री किक किलियन ओ'कॉनरची हुकली, तीही लोक विसरत नाहीत. त्या वर्षीच्या ऑल स्टार संघात गोलकीपर म्हणून निवडला गेला क्लार्क.

ही चर्चा आजही निघाली की तासभर पुरते. पण ऐका नीट. "रॉबने बॉल सोडला" असं क्वचितच कुणी म्हणतं. म्हणतात, "तो बदल करायला नको होता." क्रियापदाचा कर्ता गायब! आमच्या ऑडिटरलाही एवढं सफाईदार जमणार नाही. आणि हे नुसतं सौजन्य होतं असं म्हणून सोडता येत नाही, कारण त्याचं फळ पुढे मिळालं. हेनेली खेळत राहिला. २०२१ च्या सेमीफायनलमध्ये, पुन्हा डब्लिनविरुद्ध, इंज्युरी टाइममध्ये मेयो एका गुणाने मागे असताना ४५ मीटरवरची किक मारायला गोल सोडून तोच पुढे आला. पहिली किक बाहेर गेली. डब्लिनच्या आगळिकीमुळे ती परत घ्यायला मिळाली आणि दुसऱ्यांदा ती दांडीवरून सरळ पार. सामना बरोबरीत, मग एक्स्ट्रा टाइम, आणि २०१४ पासून चॅम्पियनशिपमध्ये न हरलेलं डब्लिन हरलं. ज्या गावात पाच वर्षं उठता-बसता टोमणे ऐकावे लागले असते, तिथून हा माणूस त्या किकपर्यंत पोचला असता असं मला वाटत नाही.

मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. त्यामुळे हा सगळा प्रकार मला परका वाटला नाही. घरात पाटाकडील तालमीचा झेंडा, शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की दुपारपासून पेठ मोकळी. खेळणारा पोरगा संध्याकाळी कोपऱ्यावर मिसळ खाताना सापडायचाच. फक्त आमच्याकडे हे जपून बोलणं-बिलणं नव्हतं. पेनल्टी घालवलेल्या पोराच्या आईला भाजी मंडईत तोंडावर सांगायचे, "काकू, त्याला जरा डोळं उघडं ठिऊन मारायला सांगा की." आणि काकूही, "तुमीच जावा की मग मारायला," म्हणून पुढे. बाबांना फोनवर मी मेयोचं हे कौतुक सांगितलं, तर ते म्हणाले, "अगं, म्हणूनच जिंकत नसतील. कुणीतरी तोंडावर बोलायला पायजे." बाबांच्या या मताला इथे अनुमोदन देणारे पुष्कळ आहेत, पण ते सगळे मेयो सोडून बॉस्टनला राहतात.

पेठेत एक गोष्ट सोपी असते: आपली पेठ विरुद्ध त्यांची पेठ. मेयोत एरवी एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या पंधरा गावांनी हिरवा-लाल शर्ट घालून एक व्हायचं असतं. बॅलिना आणि कॅसलबार यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे. वेस्टपोर्टला दोघांपेक्षा आपण बरे असं वाटतं. बेलमलेट इतकं दूर, की तिथल्या लोकांना वाटतं निवड समितीच्या गाडीत तिथवर यायला कधीच पेट्रोल नसतं. म्हणून टीम जाहीर झाली, की पहिला प्रश्न 'कोण खेळणार' हा नसतोच. 'कुठले किती' हा असतो. एडन ओ'शेबद्दल २००९ पासून भांडण चाललंय: त्याला मिडफिल्डला ठेवा की गोलपुढे उभा करा? मी हे भांडण इतक्या वेळा ऐकलंय, की बोलणाऱ्याचं मत ऐकून त्याचं गाव ओळखू शकते.

आता पुढचं काय?

२०२५ चं साल वाईट गेलं. लीगच्या फायनलमध्ये केरीने हरवलं, कॉनॉट प्रांताच्या फायनलमध्ये गॉलवेने. मग कॅसलबारच्या स्वतःच्या मैदानावर कॅव्हनने, आणि ते सगळ्यात जास्त लागलं. मॅनेजर केव्हिन मॅकस्टे तब्येतीमुळे मध्येच बाजूला झाले, रॉचफर्डने सूत्रं घेतली, टीमने टिरोनला त्यांच्याच घरी जाऊन हरवलं. शेवटी डोनेगलविरुद्ध बरोबरी पुरली असती, ती झाल्यासारखी वाटत असतानाच अखेरच्या क्षणी डोनेगलचा पॉइंट. पुन्हा एक गुण. हंगाम संपताच बोर्डाने मॅकस्टेंना कार्यमुक्त केलं. ज्या शब्दांत ते जाहीर केलं त्याने, एरवी त्यांच्या डावपेचांना नावं ठेवणारेही भडकले. माणूस इथलाच ना!

नवे मॅनेजर अँडी मोरन. २०१७ चा सर्वोत्तम फुटबॉलपटू, तोही फायनल हरलेल्या वर्षी. आदल्या वर्षी कीगनला तो मान मिळाला, तोही फायनल हरूनच. मोरन बॅलाहडरीनचा. नकाशावर ते गाव रॉस्कॉमन काउंटीत आहे, पण तिथला क्लब मेयोत खेळतो. मोरन जिंकायला लागले तर ते शंभर टक्के मेयोचे असतील. हरायला लागले तर नकाशे बाहेर येतील.

आणि नियम बदललेत. २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटला २ गुण, आणि किक-आउटही त्या कमानीपलीकडेच जायला हवी. जवळच्या माणसाला हळूच देऊन वेळ काढणं संपलं. आता बॉल उंच जातो, मिडफिल्डला आठ-दहा जण उड्या मारतात आणि खाली पडलेला बॉल जो उचलेल त्याचा. हे नियम करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते जिम गॅव्हिन. मेयोला एकेका गुणाने हरवलं त्या तिन्ही फायनलमध्ये डब्लिनचे मॅनेजर हेच होते. कँटीनमधल्या एका मताप्रमाणे ही त्यांची नुकसानभरपाई आहे. दुसऱ्या मताप्रमाणे चौथा वार.

लांबून मारणारे मेयोकडे आहेत. रायन ओ'डोनाहूचा पाय तर कुठल्याही काउंटीला हेवा वाटावा असा. त्यामुळे माझ्या हिशेबाने पुढून गुण येतील. चिंता तीच जुनी: मिडफिल्डला बॉल गेला, की मागे तीन जण आणि समोर मोकळं रान. ३ गुणांचा गोल आता दोन लांबच्या किकनी भरून निघतो हे खरं, पण तो मुळात खाल्लाच नाही तर जास्त बरं. यंदा सेमीफायनलपर्यंत जातील असं मला वाटतं. त्यापुढे जायचं तर फुलबॅकला उंच आणि थंड डोक्याचा माणूस पाहिजे. आमच्या कॅसलबारच्या क्लबातल्या एका पोराचा खेळ मी पाहिलाय, त्याला लीगमध्ये तरी उतरवून बघायला काय हरकत आहे, असं मी गेल्या आठवड्यात कँटीनमध्ये म्हटलं. कागदही काढला होता.

बॅलिनाच्या सहकाऱ्याने कागदाकडे पाहिलं नाही.

"तू कॅसलबारमध्ये घर घेतलंस ना?" तो म्हणाला. "मग तू हेच बोलणार."